हंड्याचा तिसरा पाय

मित्रांनो, मला पाहून लगेच नाक मुरडू नका. मी बिडाचा एक जुना, काळाकुट्ट हंडा आहे. पोट एवढे मोठे की शेळीचे करडू आत आरामात झोपेल, आणि खाली तीन पाय. म्हणजे तीन होते. आता दोनच उरले आहेत आणि तिसऱ्याच्या जागी एक धोंडा आहे. तो धोंडा तिथे कसा आला, तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतले, निवल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर पडलो. माझी लहान भावंडे लगेच विकली गेली. मी मात्र दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन शहरात एका दुकानाच्या दारात बरीच वर्षे धूळ खात पडलो. एवढे दांडगे भांडे घरात कुणाला लागणार?

एके दिवशी तीन बायका आल्या. शहराबाहेरच्या म्दान्त्साने वस्तीत राहणाऱ्या, गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या. तिकडे लग्न झालेल्या बाईला तिच्या माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारतात. म्हणून एक माटोलो, दुसरी माभेले आणि तिसरी मारादेबे. त्यांच्या गल्लीत नुकतीच एक मयत झाली होती आणि लांबून आलेल्या माणसांना पाण्याशिवाय काही देता आले नव्हते. ती लाज तिघींच्या मनाला लागली होती. त्यांनी मूठमाती मंडळ काढायचे ठरवले. प्रत्येकीने दरमहा थोडे पैसे टाकायचे. कुणाच्या घरी मरण आले की मंडळाने शवपेटीला आणि गाडीला हातभार लावायचा आणि आठवडाभर त्या अंगणात चूल पेटती ठेवायची. त्या चुलीवर मी हवा होतो.

माझी किंमत ऐकून माभेलेने कपाळाला हात लावला.

"एवढ्या पैशात तर अख्खा माणूस पुरून होईल!"

माटोलो हसली. "आपण तिघी, ह्याला पाय तीन. एकेकीनं एकेक पाय विकत घ्यायचा. पोट फुकट."

खरोखरच त्यांनी तसे केले. भट्टीतला एक फोड राहून गेलेला माझा डावा पाय माटोलोच्या वाट्याला आला. "मला मेलीला नेहमी फोडाचाच माल," असे म्हणत तिने पैसे मोजले. तेव्हापासून तो पाय तिचा.

मी माटोलोच्याच अंगणात राहू लागलो. काम नसले की ती मला पालथा घालून ठेवी आणि महिन्यातून एकदा चरबीचा हात फिरवी. मंडळाचा एक रिवाज होता. हंडा दुसऱ्याच्या अंगणात जायचा तो मरण आल्यावरच, एरवी नाही. त्यामुळे मला हातगाडीवरून नेताना पोरे दाराआड लपत आणि म्हाताऱ्या बायका मान फिरवीत. मला वाईट वाटे, पण मी कामाचा भुकेला होतो. माझ्या पोटात मक्याच्या कण्या आणि घेवडा रात्रभर रटरटे, सकाळी मटण शिजे. असतील शिते तर जमतील भुते, हे माझ्याइतके कुणी पाहिले नसेल. दारात येताना धाय मोकलून रडणारा पाहुणा थोड्या वेळाने हळूच विचारी, "नळीचं हाड उरलंय का?" मला त्याचा राग येत नसे. भरल्या पोटाने माणूस जास्त वेळ रडू शकतो.

वर्षे गेली आणि मंडळ म्हातारे झाले. तरुण पोरी केप टाउनला, जोहान्सबर्गला गेल्या. पैसे टाकणाऱ्या कमी झाल्या आणि मरणाऱ्या वाढल्या. मग मारादेबे गेली. तिला तिच्या गावी, सासऱ्यांच्या कबरीशेजारी जायचे होते. मंडळाच्या पैशात पेटी आली, पण गावापर्यंत नेणारी गाडी येईना. शेवटी तिला वस्तीबाहेरच्या सरकारी दफनभूमीत पुरले. तिथे कबरी एकमेकींना खेटून, वर नंबर.

त्या दिवशी माटोलो मला ढवळत होती. अश्रू कण्यांत पडत होते तरी तिचा हात थांबला नाही. "मला इथं नको रे," ती माझ्या पोटात बघून पुटपुटली. "मला गाट्यानाला जायचंय." गाट्याना या लांबच्या खेड्यात तिचे घर होते. तिथे गुरांच्या कुंपणाशी तिचा नवरा पुरलेला होता आणि त्याच्या डाव्या हाताला तिची जागा त्याने मरण्याआधीच काठीने आखून ठेवली होती. ती त्या जागेच्या आशेवर म्हातारी होत होती.

तेव्हा तिने सत्तरी ओलांडली होती. मुलगा थेम्बिले तरुणपणीच वारला होता. घरात एकच माणूस, त्याची मुलगी लिंडेल्वा. ती दुकानात गल्ल्यावर बसे. आजीला ती मखुलू म्हणे. एका दुपारी दोघी माझ्याशेजारी कोबी चिरत बसल्या होत्या.

"मखुलू, टीव्हीवर त्या कंपनीचा विमा दाखवतात ना, तो घेऊ या. पंच्याहत्तरीपर्यंत घेतात. डॉक्टरची तपासणीसुद्धा नाही."

"तपासणी का नाही?" माटोलोची सुरी थांबली. "गाय घेतानासुद्धा दात बघतात. मला न बघता घेतायत, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार."

"मग कोपऱ्यावरच्या पेटीवाल्याकडे पैसे भरतेस?"

"त्याची गाडी इथल्या दफनभूमीच्या फाटकापर्यंत. पुढं गेलं की मीटर चालू. आणि त्याच्या आधीचा पेटीवाला दुकानाला कुलूप लावून पळाला, तो अजून पळतोच आहे."

शेवटी कंपनीचीच लहानातली लहान योजना घ्यायचे ठरले. मोठ्या योजनेचा हप्ता भरला असता तर पेन्शनीत खायला काही उरले नसते. "पेटी साधी," माटोलो बोटांवर मोजत म्हणाली. "गाडी गाट्यानापर्यंत. जेवणाला बैल नको, मेंढी पुरे. लोक तसेही माझ्यासाठी नाही, मटणासाठी येतात."

कंपनीचा माणूस आला. लुवुयो नावाचा, बूट चकचकीत, बोलणे गोड. आल्या आल्या तो माझ्यावर बसला.

"ऊठ! ऊठ तिथून!" माटोलो ओरडली. "त्याच्यावर बसतात का कुणी? मरणाच्या मांडीवर बसतोस?"

बिचारा पँट झटकत उभा राहिला आणि उभ्यानेच सगळे सांगितले. खोटे काही बोलला नाही, हे मला मान्य करायलाच हवे. "पहिले सहा महिने आजारानं किंवा वयानं मरण आलं तर पैसे मिळत नाहीत, मखुलू. फक्त भरलेले हप्ते परत. अपघात असेल तर मात्र पहिल्या दिवसापासून पैसे. आणि मध्येच हप्ते थांबले तर पुन्हा पहिल्यापासून वाट बघायची."

"सहा महिने?" माटोलो हसली. "पोरा, मी अजून वरच्या नळावरून पाणी आणते."

तो गेल्यावर लिंडेल्वा म्हणाली, "सहा महिने मंडळपण चालू ठेव, मखुलू. मी आणखी काम करते. बघू कसंतरी."

माटोलो हलक्या आवाजात म्हणाली, "माझी आई म्हणायची, एका माणसाच्या नावानं दोन खड्डे खणू नयेत. एक रिकामा राहतो, आणि रिकामा खड्डा घरातलं दुसरं माणूस मागतो. मी ऐकलं नाही. माझ्या नावानं मंडळात पण भरलं, पेटीवाल्याकडे पण भरलं. मी राहिले आणि थेम्बिले गेला. आता घरात दुसरं माणूस कोण आहे, सांग?"

लिंडेल्वाने आजीकडे पाहिले आणि विम्याचे कागद घडी घालून ठेवले. उत्तर माझ्याकडे होते, पण बिडाला जीभ नसते. जी चूक मायेपोटी होते ती कुणाला अडवता येत नाही.

पुढच्या बैठकीत माटोलोने मंडळ सोडते म्हणून सांगितले. माभेले मंडळाची मुख्य. ती ताडकन उठली.

"टीव्हीतला माणूस येणार आहे का तुझे कांदे सोलायला?"

"मला गावी जायचंय गं. मंडळाकडून ते होणार नाही. मारादेबेचं काय झालं ते बघितलंस ना?"

"जा मग! आणि तुझा पाय पण उपटून घेऊन जा!"

कुणी पाय उपटला नाही. बायकांनी मलाच हातगाडीवर चढवले आणि माभेलेच्या अंगणात नेऊन ठेवले. माटोलो दारात उभी होती. कुणी मेलेले नसताना मी पहिल्यांदाच तिच्या फाटकातून बाहेर पडत होतो. तिने डोक्याच्या रुमालाने तोंड झाकले.

माभेलेचे अंगण मोठ्या रस्त्याला लागून होते. समोरून टॅक्स्या भरधाव जात. कुंपणापाशी पालथा पडून मी येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडून माटोलोची बातमी ऐके. पहिले काही आठवडे बरे गेले. मग तिच्या पावलांना सूज आली. मग चार पावले चालले की धाप लागू लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरणीने हृदय कमजोर झाल्याचे सांगितले.

तेव्हापासून ती बाई जगली नाही, नुसती वाट बघत राहिली. वाट जगण्याची नव्हती, मरण्याच्या परवानगीची होती. प्रार्थनेला जाईना, कारण तिथे खोकणारे लोक येतात. कुणाच्या मयतीला जाईना. हप्ता चुकू नये म्हणून तिने मटण सोडले, मग दूधही सोडले. रोज सकाळी उठल्यावर लिंडेल्वाला पहिला प्रश्न, "अजून किती राहिलेत?" वस्तीतल्या बायका हसत. "माटोलो मरणाला घाबरत नाही, तारखेला घाबरते!" माभेले त्यांच्याबरोबर हसत नसे. पण तिकडे जातही नसे. दोघींचे नाक सारखेच वर.

मग तो दिवस आला. भर दुपार होती. माभेले दोरीवर चादरी वाळत घालत होती. मी पाहिले, माटोलो रस्त्याच्या कडेने येत होती. अंगात प्रार्थनेचा लाल कोट, डोक्याला नवा रुमाल, खांद्यावर शाल. पावले सुजून बुटाबाहेर आलेली.

माभेलेनेच अबोला सोडला. "कुठं निघालीस गं एवढी नटून? लग्न आहे का कुणाचं?"

माटोलो येणाऱ्या टॅक्सीकडे बघत होती. तिने एक पाऊल रस्त्यात टाकले.

मित्रांनो, मी उभ्या आयुष्यात आग सोसली, पण तेव्हा जसा हादरलो तसा कधी हादरलो नाही. माभेले हातातल्या ओल्या चादरीसकट धावली. तिने माटोलोची शाल धरून मागे खेचले. टॅक्सी भोंगा वाजवत, शिव्या देत निघून गेली. दोघी म्हाताऱ्या माझ्या अंगावर येऊन आदळल्या.

"सोड मला," माटोलो म्हणाली.

"वेडी झालीस का? जीव देणार होतीस?"

"अपघाताचे पैसे पहिल्या दिवसापासून मिळतात." आणि मग तिचा बांध फुटला. "हे हृदय तोपर्यंत टिकणार नाही गं. मला कळतंय ना. मला त्या नंबराच्या कबरीत नका घालू. त्यानं माझी जागा आखून ठेवलीय. तो तिथं एकटा पडलाय."

"आणि तो टॅक्सीवाला?" माभेले ओरडली. "त्याला पोरंबाळं नसतील? तुझ्या मयतीसाठी त्यानं तुरुंगात जायचं? आणि लिंडेल्वाला मी काय सांगू, तुझ्या आजीनं नवा रुमाल कशाला बांधला होता?"

माटोलो माझ्या पालथ्या बुडावर कपाळ टेकून रडू लागली. तिचे रडणे माझ्या पोकळीत घुमत होते. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, असे म्हणतात. तिच्या हाती धुपाटणेही नव्हते.

माभेले तिच्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "मंडळात परत ये."

"परत आले तरी तिथंसुद्धा सहा महिने थांबायचं. सोडून गेलेलीला नवीन धरायचं, असा नियम आहे."

"कुठल्या गाढवानं केला हा नियम?"

"तूच."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. आणि रडता रडताच अशा हसू लागल्या की जाणारे-येणारे थांबून बघू लागले. मग माभेलेने माटोलोचे नाक स्वतःच्या रुमालाने पुसले. "घरी चल. आता तुला एकच काम. जगायचं. बाकी माझ्यावर सोड."

त्या दिवसापासून माभेले रोज डबा घेऊन तिच्याकडे जाऊ लागली. तिथे सूप पाजी, पाय चोळी, शिव्या देई. "मेलीस तर बघ!" असा दम देई. मी माझ्या जागेवरून देवाकडे एकच मागणे मागत होतो, तेवढे दिवस तिला दे. 

देवाने ते दिले नाही. सहा महिने पुरे व्हायला अगदी थोडे दिवस उरले असताना, दारातल्या खुर्चीत उन्हाला बसली असताना माटोलो गेली. कंपनीने लिंडेल्वाला फोनवर नीट बोलून सांगितले, भरलेले हप्ते परत मिळतील. त्यात मेंढीही आली नसती.

त्याच संध्याकाळी माभेलेच्या अंगणात मंडळ जमले. पैशांचा हिशेब मामिया नावाची बाई बघे, शिस्तीची. ती म्हणाली, "मलाही वाईट वाटतंय. पण नियम म्हणजे नियम. आज हिला दिलं तर उद्या सगळ्या सोडून जातील आणि मेल्यावर परत येतील."

"मंडळाचा एक पैसा नको," माभेले म्हणाली. "फक्त हंडा द्या."

"हंडासुद्धा मंडळाचाच ना, माभेले?"

माभेले स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली, गुडघे टेकून बसली आणि माझ्या डाव्या पायावरची इतक्या वर्षांची काजळी खरवडू लागली. खाली भट्टीतला तो जुना फोड दिसू लागला.

"हा पाय माटोलोनं तिच्या पगारातून विकत घेतलाय. एक माझा. एक मारादेबेचा. नंतरच्या बायांनो, तुमचा मान मोठा. पण हा तिचा पाय जमिनीला न टेकवता हंडा उभा करून दाखवा. मग मी गप्प बसते."

कुणी हलले नाही. मामियाने मान खाली घातली. थोड्या वेळाने ती उठून गेली, तेव्हा वाटले रागावली. परत आली ती काखेत दोन मोठे कोबी घेऊन. "हे मंडळाचे नाहीत," ती म्हणाली. "माझ्या परसातले आहेत."

मग एकीने घेवडा आणला, एकीने कण्या, कुणी कांदे. लिंडेल्वाने पेटीवाल्याकडून सगळ्यात साधी पेटी हप्त्यावर घेतली. गाडीला पैसे नव्हतेच. तेव्हा सोन्वाबो नावाचा म्हातारा भाजीवाला पुढे आला. त्याने आपली मालाची उघडी गाडी धुतली, आत गवत पसरले. पहाटे पेटी चढवली आणि शेजारी मला. दोघांना एकाच दोराने बांधले. 

मित्रांनो, इतकी वर्षे मी मेलेल्यांसाठी शिजलो, पण मेलेल्या माणसाशेजारी कधी बसलो नव्हतो. वाटेत बायका गाणी म्हणत होत्या. डांबरी रस्ता संपला, खडीचा लागला. गाट्यानाच्या अलीकडे ओढ्यात गाडी आपटली. पेटी घसरून माझ्यावर येत होती. दोर ताणला, तिचा सगळा भार माझ्या डाव्या पायावर आला. बीड वाकत नाही, तुटते. माझा पाय तुटला, पण पेटी पडली नाही.

माभेलेने तो तुकडा उचलला. डोक्याचा रुमाल सोडून त्यात गुंडाळला. कुंपणाशी, नवऱ्याच्या डाव्या हाताला, त्याने आखलेल्या जागेत माटोलोला उतरवले. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. माभेलेने माती टाकली नाही. तिने तो रुमाल खड्ड्यात सोडला.

"घे," ती म्हणाली. "उपटून घेऊन जा म्हटलं होतं ना मी. नेलास शेवटी."

मग ती ओढ्यावरून एक धोंडा घेऊन आली, माझ्या तुटक्या पायाखाली लावला आणि ओरडली, "चूल पेटवा गं! लोक लांबून आलेत." त्या दिवशी मी सगळ्या गावाला जेवू घातले. 

तुटक्या पायाचा हंडा परत नेण्यात अर्थ नव्हता. मी इथेच राहिलो, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. लिंडेल्वा वर्षातून एकदा येते, आजीच्या कबरीवरचे गवत काढते आणि मला चरबीचा हात लावते. बाकीचे दिवस पाऊस माझ्यात साचतो आणि गंज हळूहळू आत शिरतो.

म्हणून हात जोडता येत नसले तरी तुमच्यापाशी एक मागतो. तुमच्या घरातली म्हातारी माणसे आपल्या मरणाची जुळवाजुळव गुपचूप, एकटीच करत असतात. त्यांच्याजवळ बसा. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. नव्या विम्याचा हात त्यांना कधीपासून धरणार आहे ते त्यांच्यासाठी तुम्ही विचारा आणि तोवर जुना हात सुटू देऊ नका. आणि कधी गाट्यानाच्या वाटेने गेलात, कुंपणाशी एक काळा हंडा दिसला, तर आतले पाणी ओतून मला पालथा घाला. एखाद्या अंगणात चूल पेटणार असेल तर खुशाल घेऊन जा. नेताना धोंडा मात्र विसरू नका.